हा देह माझाच, हे मोजायचं कसं?

दाढ काढून घरी आलेल्या माणसाला आपला ओठ सुजून लोंबतोय असं वाटत राहतं. तो आरशात पाहतो, तर ओठ रोजच्याएवढाच. बोटांनी चाचपतो, बोटांनाही तो नेहमीसारखाच लागतो. तरी ओठ मोठा झाल्याची जाणीव भूल उतरेपर्यंत जात नाही. आता समजा कोणी विचारलं, 'नक्की किती मोठा वाटतोय?' तर काय सांगणार? ओठाला फूटपट्टी लावता येते. वाटण्याला कुठली लावायची?

सिडनीतल्या संशोधकांनी १९९९ साली यावर एक सोपा मार्ग काढला. लोकांच्या अंगठ्याला भूल दिली, लहानमोठ्या आकारांची अंगठ्याची चित्रं समोर ठेवली आणि 'तुम्हाला अंगठा जेवढा वाटतोय तेवढं चित्र निवडा' असं सांगितलं. भुलीनंतर वाटणारा अंगठा आधीपेक्षा ६० ते ७० टक्के मोठा निघाला. मनातल्या भासाला अशा रीतीने एक आकडा मिळाला.

आभासी वास्तवाच्या, म्हणजे व्हीआरच्या, प्रयोगशाळांपुढे आज हाच प्रश्न अख्ख्या शरीराबाबत उभा आहे. हेडसेट डोळ्यांवर चढवून खाली पाहिलं की आपलं पोट, आपले पाय दिसत नाहीत. तिथे संगणकाने रेखाटलेलं दुसरंच शरीर असतं, ज्याला अवतार म्हणतात. आपण हात उचलला की त्याचा हात उचलला जातो. काही मिनिटांत बऱ्याच जणांना ते शरीर आपलं वाटायला लागतं. पण किती आपलं? आणि ते खरंच तसं वाटतंय की माणूस नुसतं तसं म्हणतोय? गेली पंचवीसेक वर्षं या प्रश्नावर काम चाललं आहे. या कामातली मोजमापं एकमेकांशी अनेकदा जुळत नाहीत, आणि माझ्या मते या विषयातलं सर्वांत शिकण्यासारखं तेच आहे.

टेबलावरचा रबरी हात

सुरुवात व्हीआरच्या बाहेर, एका टेबलावर झाली. १९९८ साली मॅथ्यू बॉट्विनिक आणि जोनाथन कोहेन या अमेरिकी संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात जेमतेम पानभराचा लेख छापला. प्रयोग असा होता: माणसाचा डावा हात टेबलावर ठेवायचा आणि मध्ये पडदा लावून तो त्याच्या नजरेआड करायचा. त्याच्यासमोर एक रबरी हात ठेवायचा. मग दोन लहान कुंचले घेऊन रबरी हातावर आणि लपलेल्या खऱ्या हातावर एकाच वेळी, एकाच जागी फिरवायचे. माणसाला कुंचला दिसतो रबरी हातावर आणि स्पर्श जाणवतो स्वतःच्या हातावर. थोड्या वेळाने लोक सांगू लागले की स्पर्श रबरी हाताच्याच जागी होतोय, आणि तो हात जणू आपलाच आहे.

असं का होतं? आपला हात कुठे आहे हे मेंदूला एका ठिकाणाहून कळत नाही. डोळे सांगतात, त्वचा सांगते, आणि स्नायू व सांध्यांमधले संवेदक सांगतात. या तिसऱ्या जाणिवेमुळे डोळे मिटूनही आपलं बोट नेमकं नाकावर जातं. तिला स्थितिबोध म्हणू. स्थितिबोध तसा ढोबळ असतो, आणि हात स्थिर पडून राहिला तर आणखीच. डोळ्यांची माहिती बहुतेक वेळा नेमकी असते. म्हणून दोन्ही वेगळं सांगू लागले की मेंदू डोळ्यांना जास्त वजन देऊन मधला मार्ग काढतो. कुंचला दिसण्याची वेळ आणि तो जाणवण्याची वेळ तंतोतंत जुळली की दोन्ही गोष्टींचं कारण एकच, असं तो धरून चालतो.

हे जुळणं किती काटेकोर लागतं, तेही तपासलं गेलं. एक कुंचला जरा मागेपुढे फिरवला की भास ओसरतो. जपानमध्ये २००९ साली झालेल्या एका प्रयोगात स्पर्शाचं दृश्य मुद्दाम उशिरा दाखवलं. उशीर ३०० मिलिसेकंदांपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी, असेल तोवर भास चांगला टिकत होता. त्याहून वाढला की कमी होत गेला. लंडनमधल्या मॅनॉस त्साकिरिस आणि पॅट्रिक हॅगार्ड यांनी २००५ मध्ये दाखवलं की रबरी हात खऱ्या हाताच्या दिशेला वळवून न ठेवता भलत्याच कोनात ठेवला, किंवा हाताऐवजी लाकडी काठी ठेवली, तर कुंचले कितीही जुळवून फिरवा, उपयोग होत नाही. आपल्या हाताचं रूप कसं असतं याची मेंदूची काही कल्पना आधीपासून असते, आणि समोरची वस्तू तिच्यात बसावी लागते.

कुंचले बिनताल फिरवण्याची ही तऱ्हा पुढच्या प्रत्येक मोजमापाचा पाया ठरली. माणूस तोच, रबरी हात तोच, वेळ तेवढाच. फरक फक्त तालाचा. या दोन स्थितींमधला फरक म्हणजे भासाचं माप. एकट्या आकड्याला इथे अर्थ नसतो.

हातापासून अख्ख्या देहापर्यंत

२००८ साली स्टॉकहोममधल्या कॅरोलिन्स्का संस्थेत व्हॅलेरिया पेटकोवा आणि हेन्रिक एर्सन यांनी दुकानातल्या पुतळ्याच्या डोक्यावर दोन कॅमेरे बसवले, खाली पुतळ्याच्या पोटाकडे रोखून. माणसाने हेडसेट घालून मान खाली केली की त्याला आपल्या पोटाच्या जागी पुतळ्याचं पोट दिसायचं. मग दोन्ही पोटांवर एकाच तालात काठी फिरवायची. लोकांना पुतळ्याचं शरीर आपलं वाटू लागलं.

बार्सिलोना विद्यापीठातले मेल स्लेटर आणि त्यांचे सहकारी २०१० साली आणखी पुढे गेले. त्यांनी प्रौढ पुरुषांना व्हीआरमध्ये एका लहान मुलीचं शरीर दिलं. मान वळवली की समोरच्या आभासी आरशात तीच मुलगी मान वळवायची. प्रयोगातून दिसलं की सर्वांत मोठा परिणाम दृष्टिकोनाचा होता. जग त्या मुलीच्याच डोळ्यांच्या जागेवरून दिसलं पाहिजे. तेच शरीर बाजूला उभं राहून पाहिलं तर परिणाम बराच कमी होतो.

मोजमापाच्या दृष्टीने मात्र खरा टप्पा २०१२ चा. कोन्स्तान्तिना किल्तेनी, राफाएला ग्रोटेन आणि स्लेटर यांनी म्हटलं की 'शरीर असल्याची जाणीव' ही एकच गोष्ट नाही, तिचे निदान तीन भाग करावे लागतील.

चौकट: तीन वेगळ्या जाणिवा

मालकीची जाणीव: हे शरीर माझं आहे. रबरी हाताच्या प्रयोगात प्रामुख्याने हीच तयार होते.

कर्तेपणाची जाणीव: ही हालचाल मी केली. दुसऱ्याने आपला हात धरून उचलला तर हात माझाच असतो, पण हालचाल माझी नसते.

ठिकाणाची जाणीव: मी या शरीराच्या आत आहे. बहुतेकांना आपण डोळ्यांच्या मागे कुठेतरी आहोत असं वाटतं. काही प्रयोगांत ही जागा हलवता येते.

या तिन्ही एकमेकींपासून सुट्या होऊ शकतात, हे लक्षात ठेवलं तर पुढचा गोंधळ समजतो. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. शरीराच्या जाणिवेतली तिन्ही शितं वेगवेगळ्या पातेल्यांतली असू शकतात.

विचारून पाहणं

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे विचारणं. प्रयोग संपला की माणसाला काही विधानं वाचायला देतात आणि प्रत्येकाशी तो किती सहमत आहे हे सात पायऱ्यांवर नोंदवायला सांगतात. बॉट्विनिक आणि कोहेन यांनी अशी नऊ विधानं वापरली होती. त्यांतली काही भासाबद्दल होती, आणि काही मुद्दाम भलतीच: जणू मला एकाहून जास्त हात आहेत, अशा प्रकारची. जो माणूस या भलत्या विधानांनाही 'हो' म्हणतो, तो सगळ्यालाच 'हो' म्हणतोय, असं समजायचं.

२००८ साली मॅथ्यू लाँगो आणि सहकाऱ्यांनी २७ विधानं १३१ जणांना दिली आणि कोणत्या उत्तरांचे गट एकत्र वरखाली होतात ते गणिताने शोधलं. मालकी, ठिकाण आणि कर्तेपण हे गट आकडेवारीतूनच वर आले. व्हीआरसाठी पुढे स्वतंत्र प्रश्नावल्या बनल्या. डॅनिएल रोथ आणि मार्क एरिक लाटोशिक यांची २०२० ची प्रश्नावली १२ विधानांची आहे. तिच्यात मालकी आणि कर्तेपणाबरोबर तिसरा भाग आहे तो बदलाचा: माझं शरीर उंच झालं, जड झालं, वेगळं झालं असं वाटलं का? ताबिथा पेक आणि मार गोन्सालेस-फ्रँको यांनी आधी २५ विधानांची यादी केली आणि पुष्कळ प्रयोगांतली उत्तरं तपासून २०२१ मध्ये ती १६ वर आणली. याआधी जो तो आपली प्रश्नावली स्वतः बनवायचा, त्यामुळे एका प्रयोगशाळेतला 'पाच' आणि दुसरीतला 'पाच' यांची तुलनाच होत नव्हती. आता ती थोडी तरी होऊ शकते.

पण प्रश्नावलीच्या मुळाशीच एक अडचण आहे, आणि ती या क्षेत्रातल्याच माणसाने उघडी केली. माझ्या मते या विषयावरचा सर्वांत प्रामाणिक निबंध म्हणजे मेल स्लेटर यांचा २००४ चा. त्यांनी एक गुणधर्म मनानेच रचला: 'कालचा दिवस किती रंगीत होता'. असा काही गुणधर्म मानसशास्त्रात नाही. तरी त्यांनी लोकांना तो विचारला, सोबत कालच्या दिवसाबद्दल इतर प्रश्न विचारले, आणि नेहमीचं संख्याशास्त्र लावलं. लोकांनी मन लावून उत्तरं दिली. 'रंगीतपणा' आणि इतर उत्तरं यांच्यात व्यवस्थित संबंधही सापडले! अस्तित्वात नसलेल्या गोष्टीबद्दल विचारलं तरी नीटनेटके आकडे हाती येतात. मग व्हीआरमधल्या जाणिवेबद्दल आलेले नीटनेटके आकडे ती जाणीव होती याचा पुरावा कसा मानायचा? स्लेटर यांनी प्रश्नावल्या पूर्णपणे टाकल्या नाहीत. नंतरच्या प्रयोगांतही त्या आहेत. पण नुसत्या प्रश्नावलीवर विसंबता येत नाही, हे त्यांनी ठामपणे दाखवून दिलं.

न विचारता पाहणं

मग संशोधक शरीराकडे वळले. माणूस भिडेखातर 'हो' म्हणेल, घाम तसा म्हणणार नाही, हा त्यामागचा विचार.

पहिलं माप हाताच्या सरकण्याचं. रबरी हाताच्या प्रयोगानंतर माणसाने डोळे मिटायचे आणि दुसऱ्या हाताचं बोट टेबलाखालून सरकवत, लपलेला हात जिथे वाटतो तिथे थांबवायचं. भासानंतर हे बोट रबरी हाताच्या दिशेने काही सेंटिमीटर सरकलेलं असतं. पट्टी लावून हे मोजता येतं, म्हणून वर्षानुवर्षं ते भासाचं पक्कं माप मानलं गेलं. पण २०११ मध्ये मारिएके रोडे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कुंचला न फिरवता रबरी हाताकडे नुसतं पाहत बसलं तरी हात सरकतो, मालकीची जाणीव मात्र तयार होत नाही. म्हणजे हात कुठे आहे आणि हात कोणाचा आहे, या दोन प्रश्नांची उत्तरं मेंदू वेगवेगळी काढतो. बोटाचं सरकणं पहिल्या प्रश्नाचं माप आहे, दुसऱ्याचं नव्हे.

दुसरं माप घामाचं. भीती वाटली की तळव्यांना सूक्ष्म घाम येतो आणि त्वचेतून वीज अधिक सहज वाहते. बोटांवर दोन विद्युतअग्रं लावून हे टिपता येतं. धक्का बसल्यावर एक ते तीन सेकंदांत रेघ वर चढते. कॅलिफोर्नियात कॅरी आर्मेल आणि विलयनूर रामचंद्रन यांनी २००३ मध्ये रबरी हाताचं बोट दुखेल इतकं मागे वाकवलं आणि माणसाच्या खऱ्या हाताची नोंद घेतली. भास झालेला असताना रेघ अधिक चढली. पेटकोवा आणि एर्सन यांनी पुतळ्याच्या पोटाला सुरी लावून पाहिलं, तिथेही तेच. पण सुरी पाहून कोणीही दचकतो, सुरी कोणाच्याही पोटाला लागली तरी. त्यातून तोच धक्का पुन्हा पुन्हा दिला की शरीर सरावतं आणि रेघ सपाट होते. घाम किती आला ते यंत्र सांगतं, कशाने आला ते नाही. म्हणून इथेही बिनताल स्थितीशी तुलना लागतेच.

हृदयाचे ठोकेही पाहिले जातात. स्लेटर यांच्या प्रयोगात त्या आभासी मुलीला एका बाईने थपडा मारल्या. अचानक धोका दिसला की हृदय क्षणभर मंदावतं. धडधड नंतर सुरू होते. जग मुलीच्या डोळ्यांतून पाहणाऱ्या पुरुषांमध्ये हे मंदावणं जास्त होतं. स्वतःला कोणी मारायला आल्यासारखा प्रतिसाद त्यांच्या हृदयाने दिला होता.

सगळीच शारीरिक मापं टिकली नाहीत. २००८ साली असं आढळलं की रबरी हात आपला वाटू लागला की खरा हात किंचित थंड पडतो. शरीर जणू जुना हात सोडून देतं, ही कल्पना फार आकर्षक होती आणि खूप पसरली. पुढे इतरांनी काळजीपूर्वक प्रयोग केले तेव्हा हातांचं थंड होणं सातत्याने दिसलं नाही.

कर्तेपणासाठी वेगळंच माप आहे. २००२ मध्ये हॅगार्ड आणि सहकाऱ्यांनी लोकांना बटण दाबायला लावलं. पाव सेकंदानंतर एक आवाज यायचा. माणसाने स्वतःहून बटण दाबलं की त्याला बटण आणि आवाज यांच्यातला वेळ खऱ्याहून कमी वाटायचा. तेच बोट बाहेरून चुंबकीय झटका देऊन हलवलं तर वेळ जास्त वाटायचा. 'ही हालचाल तू केलीस का?' असं न विचारता नुसती वेळ विचारून कर्तेपणाबद्दल काही कळतं. अवतारांवरच्या प्रयोगांतही आता ही पद्धत वापरतात.

शरीर बदललं की जग बदलतं

मला सर्वांत पटणारी मापं मात्र तिसऱ्या प्रकारची आहेत. त्यांत शरीराबद्दल काहीच विचारत नाहीत, जगाबद्दल विचारतात. एर्सन यांच्याच प्रयोगशाळेत २०११ साली लोकांना एकदा ३० सेंटिमीटरच्या बाहुलीचं आणि एकदा चार मीटर उंच पुतळ्याचं शरीर दिलं. मग समोरची वस्तू किती मोठी आहे हे दोन हातांत अंतर धरून दाखवायला सांगितलं, आणि डोळे मिटून तिच्यापर्यंत चालत जायला. बाहुलीच्या शरीरात जग मोठं आणि दूर वाटलं, पुतळ्याच्या शरीरात लहान आणि जवळ. ताल बिघडवला की हा फरक घटला.

दोम्ना बानाकू, ग्रोटेन आणि स्लेटर यांनी २०१३ मध्ये याला एक बारीक वळण दिलं. प्रौढांना दोन शरीरं दिली, दोन्ही उंचीने सारखी: एक चार वर्षांच्या मुलाचं, दुसरं प्रौढ माणसाचंच पण आटवून तेवढं केलेलं. दोन्हींत वस्तू मोठ्या दिसल्या, पण मुलाच्या शरीरात जास्त. अवताराच्या हालचाली माणसाच्या हालचालींशी जुळेनाशा केल्यावर दोन्ही शरीरांमधला फरक उरला नाही. 'मुलाच्या शरीरात गेल्यावर खोकं जास्त मोठं दिसेल' हे प्रयोगात आलेला माणूस आधी ओळखून तसं उत्तर देईल, याची शक्यता कमी. या मापाचं बळ इथेच आहे.

'तुम्हाला हवं ते उत्तर'

ओळखून उत्तर देण्याची ही बाब किरकोळ नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्टिन ऑर्न यांनी १९६२ मध्ये लिहिलेला अनुभव वाचण्यासारखा आहे. निरर्थक काम दिल्यावर माणूस कधी नकार देतो हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी लोकांपुढे बेरजांचे २,००० कागद ठेवले, प्रत्येक कागदावर २२४ बेरजा. 'सुरू करा, मी नंतर येईन,' एवढंच सांगितलं. साडेपाच तासांनंतर प्रयोग घेणाराच कंटाळला. बेरजा चालूच होत्या. मग सांगितलं की प्रत्येक कागद झाला की त्याचे किमान ३२ तुकडे करा आणि पुढचा घ्या. लोक तेही करत राहिले. प्रयोगात आलेला माणूस चांगला सहभागी व्हायला धडपडतो, आणि त्याच्याकडून काय अपेक्षित आहे याचा अंदाज सतत बांधत असतो.

२०२० साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या पीटर लश आणि सहकाऱ्यांनी ही शंका थेट रबरी हातावर आणली. त्यांनी प्रयोगाचं नुसतं वर्णन देऊन लोकांना काय वाटेल असा अंदाज विचारला. उत्तरं प्रत्यक्ष प्रयोगांतल्या उत्तरांसारखीच आली, तालातल्या आणि बिनताल स्थितीतल्या फरकासकट. शिवाय ज्यांच्यावर सूचनांचा परिणाम लवकर होतो, ज्यांना संमोहित करणं सोपं असतं, त्यांना भासही जास्त तीव्र होतो असं दिसलं. म्हणजे इतकी वर्षं पाया मानलेली बिनताल तुलनाही पुरेशी नसावी. एर्सन यांच्या गटाने याला उत्तर दिलं आहे: सूचनाशीलता दोन्ही स्थितींतली उत्तरं सारखीच वर ढकलते, पण दोहोंमधला फरक तिच्यामुळे पडत नाही. वाद अजून मिटलेला नाही. मला एर्सन यांची बाजू थोडी वजनदार वाटते, कारण फक्त सूचनेने बाहुलीच्या शरीरात वस्तू मोठ्या का दिसाव्यात याचा खुलासा होत नाही. पण लश यांच्या शंकेनंतर एकट्या प्रश्नावलीवर उभा असलेला कोणताही दावा मी सहज मान्य करणार नाही.

हा नुसता विद्वानांचा वाद नाही. हात तुटलेल्या माणसाला नसलेल्या हातात वेदना होतात. चेन्नईत वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात साध्या आरशाने त्या कमी करून दाखवल्या, आणि आता तेच काम अवताराकडून करून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत. पक्षाघातानंतर हाताला पुन्हा वळण लावण्यासाठी व्हीआर वापरतात. २०१८ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात बायकांना मारहाण केलेल्या पुरुषांना आभासी पीडित स्त्रीच्या शरीरात बसवलं, तेव्हा स्त्रीच्या चेहऱ्यावरची भीती ओळखण्याची त्यांची क्षमता वाढली. असे उपचार कोणाला लागू पडतील आणि कोणाला नाही, हे ठरवायला ते शरीर त्या माणसाला खरोखर किती आपलं वाटलं हे कळावंच लागतं.

आपल्याकडच्या महाविद्यालयांत आणि संशोधन संस्थांतही आता हेडसेट आले आहेत, आणि अशा प्रयोगांना माणसं लागतात. तुम्हाला कधी कोणी बोलावलं तर जरूर जा. शेवटी प्रश्नावली हातात आली की समोरच्या विद्यार्थ्याने घेतलेल्या कष्टांकडे पाहून भिडेने उत्तर देऊ नका. काहीच वाटलं नसेल तर सातपैकी एकवर खूण करा. त्याच्या प्रयोगाला ती प्रामाणिक 'एक'ची खूण भिडेच्या 'सहा'पेक्षा जास्त उपयोगी पडेल.